तुकडेजोड

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घरातल्या बाईची मान खाली असते. लाजेने म्हणाल तर तसे काही नाही. त्या दिवसांत तिला जमिनीवाचून दुसरे काही दिसतच नाही. चकलीच्या पिठाचे पांढरे ठसे, आकाशकंदिलाच्या कागदाचे कपटे, माळ्यावरून काढलेल्या डब्यांची धूळ, सारे शेवटी जमिनीवरच उतरते. पाहुणा येतो, भिंतींचा रंग पाहतो, पडदे पाहतो, आणि "वा! छान लावलंय घर" म्हणतो. ज्या जमिनीवर उभा राहून तो हे म्हणतो तिच्याकडे त्याचे लक्ष जात नाही. गेलेच तर पाय घसरल्यावर.

या पानावर मी एरवी शब्दांविषयी लिहिते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. तेव्हा आरंभी एका शब्दाचाच विचार करू. घरात पायाखाली असते तिला आपण जमीन म्हणतो आणि शेताला, प्लॉटलाही जमीनच म्हणतो. जी पुसायची तीही जमीन आणि जिच्यापायी भावंडे एकमेकांशी बोलेनाशी होतात तीही जमीन. दोहोंना एकच नाव ठेवण्यात आपल्या पूर्वजांचे काही अनुभवाचे शहाणपण असावे, असे मला हल्ली वाटू लागले आहे. आजचा विषय पहिल्या जमिनीचा. दुसरी मध्ये आलीच तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझ्या वयाच्या माणसाने एका आयुष्यात किती जमिनी पाहिल्या, ते मोजून पाहावे. आजोळचे स्वयंपाकघर शेणाने सारवलेले. माहेरच्या पडवीत शाहाबादी फरशी. तिच्या सांध्यांतून मुंग्यांची राज्ये नांदत. लग्न होऊन पुण्याला आले ती भाड्याच्या जागेतल्या मोझेकच्या लाद्यांवर. आणि आता स्वतःच्या ब्लॉकात मोरबीला भाजलेली चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, जिचे सांधे शोधावे लागतात. स्वच्छ आहे, टिकाऊ आहे, परवडते. तिच्याविरुद्ध बोलायला जागा नाही. फक्त तिच्यावरून कोणी चालत गेले तर कोण गेले, हे कळत नाही.

हे कळणारी जमीन मी एकच पाहिली. आमच्या वाईच्या वाड्याची माडी. भिंतींत रोवलेल्या जाड तुळया, त्यांवर हाता-हाताच्या अंतराने कड्या, आणि कड्यांवर सागवानी फळ्या. खालून पाहिले की छत, वरून पाहिले की जमीन. या सगळ्या बांधणीला आजोबा कडीपाट म्हणत आणि नुसत्या फळ्यांच्या आच्छादनाला तक्तपोशी. हा शब्द फारसीतून आला; तख्ता म्हणजे फळी आणि पोश म्हणजे झाकणारे. पुष्कळ वाड्यांत फळ्यांवर मातीचा थर देऊन वरून सारवीत. आमच्या माडीला माती नव्हती. फूटभर रुंदीच्या उघड्या फळ्या होत्या, तीन पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या. आणि त्या वाजत.

बाबा कचेरीतून आले की आधी माडीवर जात. खाली सोप्यात अभ्यासाला बसलेली आम्ही दोघे भावंडे कान टवकारून असायचो. टाच आधी टेकून पाऊल सावकाश उमटले, तर दिवस बरा गेला. झरझर चार पावले आणि मग शांतता, तर पाढे मोठ्याने म्हणायला लागावे हे उत्तम. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हे शास्त्र मला त्यानेच शिकवले.

बाबा २०१६ साली गेले आणि २०२१ साली वाडा उतरवला. जुने लाकूड धड हाती यावे म्हणून जो वाडा मोडतात, तो पाडला असे म्हणत नाहीत, उतरवला म्हणतात. दादाचेही काही खोटे नव्हते. गळणारी कौले, घरपट्टी, आईचे दुखणेखुपणे हे सारे वर्षानुवर्षे त्याच्याच डोक्यावर होते. मी दिवाळीला जाऊन माडीवर उन्हात बसणारी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क २००५ सालच्या दुरुस्तीने दिला, हे मला माहीत होते. वर्गातल्या मुलींना मी ते बजावून सांगतही असे. तरी मी हक्कसोडपत्रावर सही केली. का केली, याचा हिशेब मी अजून पुरता मांडलेला नाही. दादाने कागद पुढे केला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले नाही, एवढे आठवते. मी म्हणाले, "माडीच्या फळ्या तेवढ्या मला दे." तो म्हणाला, "पाठवतो."

पंधरा दिवसांनी टेम्पो आला. त्यात फळ्या नव्हत्या, फळ्यांचे तुकडे होते. दीड फूट, दोन फूट, फार तर अडीच. खिळ्यांची भोके, पावसाचे काळे डाग. लांब, अखंड माल कंत्राटदाराच्या सौद्यात गेला आणि बहिणीच्या वाट्याला सरपण आले, असा मी अर्थ लावला. मराठी शिकवणाऱ्या माणसाला अर्थ लावायची सवय असते. तो बरोबर असतोच असे नाही.

त्या वर्षीची भाऊबीज दादाने फोनवर उरकली आणि पुढच्या वर्षीचीही. ज्या बाईला भाऊ नाही तिने त्या दिवशी चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मला भाऊ होता. तरी दोन्ही वर्षी निरांजन घेऊन मी गच्चीवर गेले. द्वितीयेची कोर लवकर मावळते, म्हणून तेही घाईने.

तुकडे इमारतीच्या तळाशी, आमच्या गाडीच्या जागेत, ताडपत्रीखाली पडून होते. २०२३ च्या उन्हाळ्यात सोसायटीचे पत्र आले की "सदर अडगळ आठ दिवसांत हलवावी." आमचे हे म्हणाले, विकून टाक. कन्या म्हणाली, "आई, त्याची जमीन कर ना. तुझ्या खोलीला." माझी अभ्यासाची खोली १० फूट बाय १२ फूट. ह्यांनी माझ्याकडे पाहिले, मी कन्येकडे पाहिले, आणि आम्ही तिघे फरशीच्या दुकानात गेलो.

तिथे पहिला धडा मिळाला. लाकडी जमीन या एकाच नावाखाली तीन निराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली लॅमिनेट. हिच्यात लाकूड असते ते दाबलेल्या भुग्याच्या रूपात. वर दिसते ते लाकडाचे छायाचित्र आणि त्यावर कठीण पारदर्शक थर. ही १९७७ साली स्वीडनमध्ये निघाली. स्वस्त आहे, एका दिवसात बसते, पण एकदा झिजली की घासून पुन्हा नवी करता येत नाही. छायाचित्राला रंधा मारून काय उपयोग? दुसरी इंजिनिअर्ड. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली पातळ फळ्यांचे आडवे-उभे थर. लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून एका थराचा रेषा आडव्या तर दुसऱ्याच्या उभ्या ठेवल्या की एकमेकांना धरून राहतात. दमट हवेत ही फार उपयोगी. आणि तिसरी भरीव लाकडाची, जशी आमची माडी. विक्रेत्याने ती दाखवली आणि लगेच म्हणाला, "मॅडम, ही घेऊ नका. पावसाळ्यात त्रास देते."

आमच्या मिस्त्रींना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. कोरेगावकडचे गृहस्थ, वय साठीच्या पुढे. त्यांनी ताडपत्री उचलली, एक तुकडा हातात घेतला, नखाने खरवडून नाकाशी नेला. "शंभर वर्षं वाळलेला साग आहे, ताई. हा काय त्रास देणार?" मी म्हणाले, "पण सगळे तुकडेच आहेत." ते म्हणाले, "तुकडे आहेत म्हणून तर नक्षी होईल. लांब फळ्या असत्या तर नुसत्या एकापुढे एक मांडल्या असत्या."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले आणि धंद्याच्या सवयीप्रमाणे मी वाचायला बसले. तुकड्यांच्या लाकडी जमिनीला पार्केट म्हणतात. शब्द फ्रेंच, मूळ अर्थ छोटे कुंपण, लहानसा आवार. जमिनीचे छोटे छोटे वाटे पाडायचे आणि एकेक वाटा तुकड्यांनी भरायचा. मिस्त्रींनी सांगितले त्याचा उत्तम दाखला मला बॉस्टनचा मिळाला. तिथल्या सेल्टिक्स या बास्केटबॉल संघासाठी १९४६ साली मैदान करायचे होते. नुकतेच महायुद्ध संपलेले, लांब लाकूड मिळेना. तेव्हा ओकचे आखूड तुकडे आणून चौकोनाचौकोनांत आडवे-उभे बसवले. पुढे लाकडाची टंचाई संपली, पण ती नक्षी त्या संघाची ओळख होऊन बसली आणि नंतर मुद्दाम जपली गेली.

तुकडे मांडण्याच्या तऱ्हा मुख्यतः चार. त्या समजून घेतल्या तर वाचकांपैकी कोणी पुढेमागे हा उद्योग आरंभला तर विक्रेत्यापुढे गोंधळणार नाही.

पहिली चटईची वीण. चार-पाच पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून एक चौकोन करायचा. शेजारचा चौकोन आडवा. इथे अट एकच, की तुकड्याची लांबी रुंदीच्या बरोबर पटीत हवी. तीन इंची रुंद पट्टी असेल तर पाच पट्ट्यांच्या चौकोनासाठी ती पंधरा इंच लांब. सूतभर चूक झाली तर ती चौकोनागणिक वाढत जाते आणि भिंतीपाशी पोहोचेपर्यंत तिचे भांडण होते.

दुसरी माशाच्या काट्याची. तुकड्यांची टोके काटकोनात कापलेली, आणि प्रत्येक तुकड्याचे टोक शेजारच्याच्या कुशीला टेकलेले. इंग्रजीत तिला हेरिंग माशाचे नाव आहे. फ्रेंच तिला मोडलेल्या काठ्या म्हणतात. रोमन लोक विटा अशाच तऱ्हेने बसवीत आणि तिला त्यांनी कणसावरून नाव दिले होते. माझ्या सासूबाई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी चित्र पाहून क्षणात निर्णय दिला, "ह्यो तर पेडव्याचो काटो!" पेडवे आणि हेरिंग जवळच्या नात्यातले मासे आहेत, तेव्हा भाषांतर अचूक म्हणायचे.

तिसरी तिच्यासारखीच दिसते, पण तुकड्यांची टोके तिरकी कापून समोरासमोर भिडवलेली असतात, म्हणजे मधून सरळ रेषा जाते आणि दोन्हीकडे बाण निघतात. फ्रेंचांचे हिला नाव हंगेरीचा टाका, भरतकामावरून आलेले. दिसायला फार डौलदार, पण प्रत्येक टोक तिरके कापायचे म्हणजे लाकूड वाया जाते. आमच्यासारख्या मोजक्या मालाच्या घरी हिचे नाव काढू नये.

चौथी राजेशाही, व्हर्सायच्या राजवाड्यातली. सुमारे मीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन, आत तिरप्या पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून गुंफल्यासारख्या, आणि सांधे खाच-कुसवाचे. मिस्त्रींना मी तिचे चित्र दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ताई, हे करणाऱ्याला राजाचाच पगार पाहिजे."

आम्ही माशाचा काटा ठरवला. याला सौंदर्याखेरीज आणखी एक कारण होते. या मांडणीत निम्मे तुकडे एका दिशेला, निम्मे दुसऱ्या. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते तेव्हा तो फुगवटा दोन दिशांत वाटला जातो. साऱ्या खोलीचा जोर एकाच भिंतीवर येत नाही. शिवाय प्रत्येक तुकडा शेजाऱ्याच्या आधाराने अडलेला असतो.

मिस्त्री कामाला लागले. जुन्या लाकडात लपलेला एक खिळा रंध्याच्या पात्याचा बळी घेतो, म्हणून आधी लोहचुंबक फिरवून प्रत्येक तुकडा तपासायचा. तिसऱ्या दिवशी ते एक तुकडा घेऊन वर आले.

"ताई, वाड्यावर हे कापलं कोणी?"

"कंत्राटदाराने. का?"

त्यांनी मान हलवली. "कंत्राटदार असं नाही कापत. बघा. वाड्याच्या फळीला भिंतीतली ओल लागते, त्या टोकाला ती सडते. कौल गळतं तिथे मध्येच सडते. कंत्राटदार ती तशीच टेम्पोत टाकतो, सडक्यासकट. माल जास्त दिसतो. इथे एवढ्या ढिगात इंचभर सडकं लाकूड नाही. जिथे चांगलं लाकूड सुरू झालं तिथेच करवत लावलीय. आणि हातकरवत आहे, मशीन नाही. गुण्या लावून पेन्सिलीनं रेघ मारलीय. खिळे मोडले नाहीत, एकेक करून उपटलेत. हे घरच्या माणसाचं काम. आठ-दहा दिवस बसला असेल."

मी तुकडा उलटा करून पाहिला. मागे पेन्सिलीने लिहिले होते, "माडी, खण ३." आमचा दादा तीनचा आकडा खाली शेपूट ओढून काढतो, त्यावरून लहानपणी त्याने मारही खाल्ला आहे. मी खाली गेले आणि ढिगातले आणखी पाच-सहा तुकडे उलटून पाहिले. खण १. खण ४. खण ३. सगळ्यांना शेपूट होते.

दोन वर्षे हे आमच्या गाडीशेजारी ताडपत्रीखाली लिहिलेले होते, आणि रोज शंभर उत्तरपत्रिका वाचणाऱ्या बाईने ते वाचले नव्हते.

त्यानंतरचा हिशेब मी वाचकांपुढे मांडते, कारण पुढचे सारे त्याच्यामुळे घडले. खोली १२० चौरस फूट. तीन इंच रुंद आणि पंधरा इंच लांब तुकडा धरला तर खोलीला ३८४ तुकडे लागतात. कडेला तिरके कापून वाया जाणारे दहा टक्के धरा, म्हणजे ४२० च्या वर. साफ करून, कापून हाती आले ३७१. मिस्त्री म्हणाले, चारी बाजूंनी सहा इंचांची किनार घेऊ. मग मधली जागा ९ बाय ११ उरते, ३५० तुकड्यांत भागते. किनारीने आणखी एक होते. कुठल्याही खोलीच्या भिंती पुरत्या काटकोनात नसतात; तीन, चार, पाच फूट मोजून पाहिले की लबाडी उघडी पडते. नक्षी थेट भिंतीला भिडवली तर तो वाकडेपणा डोळ्यांत येतो. किनार तो पोटात घेते. लुगड्याला काठ असतो तसाच हा.

पण काठाला तुकडे चालत नाहीत. काठाला लांब फळ्या हव्यात.

मी दादाला फोन केला. म्हणाले, "दादा, जुन्या सागाच्या लांब फळ्या हव्या होत्या. वाईत कोणी व्यापारी तुला ठाऊक आहे का?"

पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तो म्हणाला, "चार आहेत माझ्याकडे. बाबांच्या टेबलाखालच्या. तेवढ्याच अखंड निघाल्या. झोपाळा करीन म्हणून ठेवल्या होत्या."

"मग झोपाळा?"

"इथे स्लॅबला कडी टाकू देत नाहीत." थोडे थांबून त्याने विचारले, "तुकडे कामाचे निघाले का? मला वाटलं, तू फेकून दिलेस. फोन नाही केलास."

"तूही नाही केलास."

"नाही केला," तो म्हणाला.

आठ दिवसांनी तो स्वतःच टेम्पोत बसून आला. साडेसहा फुटी चार फळ्या. मधून उभ्या चिरल्या की बावन्न फूट पट्टी झाली, आणि खोलीचा घेर चव्वेचाळीस. फळ्या उतरवता उतरवता तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दोन वर्षांची ओवाळणी राहिली होती." हक्कसोडपत्राविषयी आम्ही बोललो नाही. ते बोलणे अजून व्हायचे आहे. पण ते आता होऊ शकेल, इतपत जमीन तयार झाली आहे.

जमीन तयार होणे ही गोष्ट मात्र सावकाशीची आहे, आणि घाई इथेच नडते. लाकडी जमिनीचे नाव होते ते नक्षीने, पण ती टिकते खालच्या न दिसणाऱ्या थराने. आम्ही त्या खोलीची फरशी काढून सिमेंटचा थर पाणसळीत घेतला; सहा फुटी पट्टी कुठेही टेकवली तर खाली नाण्याच्या जाडीहून अधिक फट दिसता कामा नये. मग तो वाळू दिला. इंचभर थराला महिना लागतो. आम्ही पावसाळा संपेपर्यंत हात लावला नाही. वाळला की नाही, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. प्लास्टिकचा चौकोनी कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर बसवावा आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहावा. आतून घाम आला असेल तर थांबावे. या काळात कापलेले तुकडेही त्याच खोलीत मोकळे रचून ठेवले होते, म्हणजे खोलीच्या हवेची आणि त्यांची ओळख होते.

मग ओल अडवणारा हात दिला, दोरीला खडूची पूड लावून खोलीच्या बरोबर मध्यातून सूत मारले, आणि पहिला तुकडा मधोमध बसवला. भिंतीपासून आरंभ करायचा नाही. मधून बाहेर जायचे. तुकडा चिकटद्रव्यावर ठेवायचा, लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचा, शेजाऱ्याशी भिडवायचा. सहा दिवस हे चालले. आणि शेवटी, ज्याचे मला सर्वांत नवल वाटले ते. एवढे काटेकोर बसवून झाल्यावर किनार आणि भिंत यांच्यामध्ये चारी बाजूंनी अर्ध्या इंचाची मोकळी फट सोडली. मी म्हणाले, "ही भरायची राहिली." मिस्त्री म्हणाले, "ही भरली तर सगळं उचलेल. पावसाळ्यात लाकडाला हलायला जागा लागते. भिंतीला टेकवलं की मधून वर येतं." त्या फटीवर भिंतीलगतची पट्टी येते, ती भिंतीला ठोकतात, लाकडाला नव्हे. बाहेरून कोणाला काही दिसत नाही.

घासकाम झाले, बारीक भेगांत त्याच लाकडाचा भुगा सरसात कालवून भरला, आणि तेलाचे हात दिले. पहिला हात बसताच पेन्सिल-खिळ्यांच्या त्या काळ्या तुकड्यांतून मधासारखा रंग वर आला. खिळ्यांची भोके तशीच ठेवली आहेत. खोलीभर माडीचा वास आला. ह्यांनीसुद्धा चपला दाराबाहेर काढल्या, आणि त्या कोणी सांगितल्यावाचून काढल्या, हे लिहून ठेवण्यासारखे आहे.

२०२३ च्या भाऊबिजेला दादा आला, वहिनी आली, आई आली. आईने दारातूनच पाहिले आणि विचारले, "आणि ही धुणार कशी?" मी सांगितले, धुवायची नाही; पिळून घेतलेल्या फडक्याने पुसायची. तिचा चेहरा पडला. तेव्हा मी तिला व्हर्सायची गोष्ट सांगितली. राजवाड्यात आधी संगमरवर होता. तो सारखा धुवावा लागे, ते पाणी खाली झिरपून लाकडी तुळया कुजू लागल्या, म्हणून १६८४ साली संगमरवर काढून वर लाकडाची नक्षीदार जमीन घातली. आई म्हणाली, "म्हणजे धुण्याचा कंटाळा राजाकडूनच आला म्हणायचा." पाटाभोवती रांगोळीही घालता आली नाही, कारण रांगोळीची कणी लाकडाला ओरखडे काढते, झेंडूच्या पाकळ्यांवर भागवले. दादाला ओवाळले. तो पाटावरून उठला, खोलीत दोनदा फिरला, खिडकीपाशी जाऊन आला. आई कान देऊन बसली होती. म्हणाली, "सगळं छान आहे. पण वाजत नाही गं ही."

खरे होते ते. माडीच्या फळ्यांखाली पोकळी होती, म्हणून त्या वाजत. खालून चिकटवलेले लाकूड मुके असते.

आता हा उद्योग वाचकांनी करावा का? माझे मत विचाराल तर सबंध घराला करू नये. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाल्कनी यांच्याजवळही लाकूड नेऊ नये. तळमजल्याची ओल आणि वाळवी यांचा बंदोबस्त नसेल तर विचारही सोडावा. नवीनच घ्यायचे असेल तर आपल्या हवेत इंजिनिअर्ड बरे. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे लावावेत, उन्हाच्या बाजूला पडदा ठेवावा, सांडलेले पाणी लगेच टिपावे. आणि मजुरी जपून विचारावी. तुकडे फुकट मिळाले तरी ते जोडणारा हात स्वस्त नसतो. पण कोणाचा वाडा उतरत असेल तर तुकड्यांना सरपण म्हणू नये. निदान उलटून पाहावे.

आमच्या जमिनीने दोन पावसाळे पाहिले. भिंतीकडची अर्धा इंचाची फट पहिल्या श्रावणात निम्म्याने मिटली आणि थंडीत पुन्हा उघडली. मिस्त्री म्हणाले तसेच. खिडकीजवळ मात्र पावसाने तिरकी झड आत मारली तेव्हा एक तुकडा खालून सुटला. वरून काही दिसत नाही. पाय पडला की वाजतो.

२०२४ च्या भाऊबिजेला दादा खिडकी लावायला गेला. टाच आधी टेकली, मग सावकाश पाऊल. टक. आतल्या खोलीत मी तबक भरत होते ती थांबले. दादाही तिथेच थांबला होता. त्याने पाय उचलला आणि पुन्हा तसाच ठेवला. टक.

"दिवस बरा गेला," दादा म्हणाला.

सरसाची पिचकारी भरून तो तुकडा पाच मिनिटांत बसवतो, असे मिस्त्री तेव्हापासून सांगत आहेत. मी त्यांना अजून बोलावलेले नाही.